देवाचं लगीन अडलं तेव्हा

कवठाळीत देवाचं लग्न लागल्याशिवाय माणसाचं लागत नाही. हा नियम कुणी घातला ते कुणाला ठाऊक नाही, आणि तो मोडायची छाती आजवर कुणाची झालेली नाही. चैत्रात यात्रा भरते. भैरोबा आणि जोगेश्वरी यांच्या चांदीच्या मुखवट्यांना हळद लागते, मध्ये अंतरपाट धरतात, सगळा गाव अक्षता टाकतो. मग देवाची उष्टी हळद वाटीत घेऊन गुरव त्या वर्षी लग्न ठरलेल्यांना शोधत फिरतो आणि म्हणतो, "आता तुमचं होऊ द्या." तोवर गावात मांडव पडत नाही. लग्नं इथं तशीही उन्हाळ्यातच होतात, त्यामुळे या नियमाचा जाच कुणाला झाला नव्हता. झाला तो उत्तरेश्वरला, आणि नेमका अशा वर्षी, की ज्या वर्षी त्याला तो अजिबात परवडणारा नव्हता.

उत्तरेश्वर चौतिशीचा. धरणाच्या कडेला बागायत, दोन म्हशी, तोंडात सुपारीचं खांडसुद्धा नाही, आणि बायकोही नाही. मुलीकडचे यायचे, पोहे खायचे, ऊस बघायचे, म्हशी बघायचे, आणि चपला घालता घालता विचारायचे, "पुण्याला काही बघितलंय का?" पुण्याला त्यानं शनिवारवाडा बघितला होता. ते सांगून उपयोग नव्हता. त्याची आई कस्तुराबाई आधी मुलीकडच्यांना शिव्या द्यायची, मग नशिबाला, आणि शेवटी उत्तरेश्वरला, कारण समोर तोच असायचा.

या सगळ्यात त्याला एकच सोबत होती, ती अमरसिंहाची. अमरसिंह त्याच्याच वयाचा, शाळेत एका बाकावरचा. धरणाच्या पाण्यावर जेवढ्या मोटारी होत्या तेवढ्या दुरुस्त करायचं काम त्याच्याकडं. त्यालाही मुली बघून झाल्या होत्या, म्हणजे मुलीकडच्यांचं त्याला बघून झालं होतं. रोज संध्याकाळी दोघं पाराच्या कट्ट्यावर बसायचे आणि त्या आठवड्यात कुणाला कुठून नकार आला ते एकमेकांना सांगून पोट धरून हसायचे. गावातली माणसं जाता येता विचारायची, "काय रं, तुमचं कवा?" आणि हे दोघं एका सुरात म्हणायचे, "आमचं एका मांडवात!"

मग या वर्षी संक्रांतीनंतर तेर गावची सोनाली आली. म्हणजे उत्तरेश्वर तिला बघायला गेला. दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, तेव्हा तिनं सरळ विचारलं, "शेती सोडून शहरात यायची तयारी हाय का?" त्यानं विचार न करता सांगितलं, "न्हाय. म्हशीला कोण बघंल?" ती इतकी हसली की खालून तिच्या आईनं हाक मारली. दोन दिवसांनी होकार आला. साखरपुड्याला अमरसिंह फेटा बांधून असा नाचला, की नवरदेव कोण ते पाहुण्यांना विचारावं लागलं. लग्न यात्रेनंतरच्या पहिल्या मुहूर्तावर धरलं.

आणि शिमग्याच्या आधी एका सकाळी गुरव देवळात गेला तर कुलूप कापलेलं. दोन्ही पेट्या उघड्या. भैरोबा नाही, जोगेश्वरी नाही, वरची चांदीच्या दांड्याची छत्रीही नाही.

गावात दोन दिवस चूल पेटली नाही म्हटलं तर ते खोटं होईल, पेटली. पण जेवण कुणाला गोड लागलं नाही हे खरं. उत्तरेश्वरला तर घासच उतरेना. तिसऱ्या दिवशी सोनालीच्या वडिलांचा, कृष्णराजरावांचा फोन आला. माणूस सरळ, बोलणंही सरळ.

"पावणं, तुमच्यावर राग न्हाय," ते म्हणाले. "पर आमच्या घरात कुजबूज सुरू झालीया. ज्या गावचा देव गेला त्या गावात पोरगी कशी द्यायची, म्हणत्यात. आमच्या मेव्हण्यानं तर पुण्याचं एक स्थळ बी काढलंय. म्या यात्रेपतोर थांबतो. देव घावला तर लगीन, न्हाय घावला तर तुमी बी मोकळे, आमी बी मोकळे."

"व्हय मामा," उत्तरेश्वर म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

माग लागला तो चाँदपाशामुळं. चाँदपाशा साठीचा, धरणात जाळी टाकून मासे धरतो. त्याच्या घराण्याकडं देवाच्या पालखीपुढची मशाल धरायचा मान आहे, बापजाद्यांपासून. चोरी झाली त्याच सकाळी जाळं काढायला गेला असताना बेटाच्या काठच्या चिखलात त्याला एक लाल गोंडा दिसला. देवाच्या छत्रीचा. त्यानं तो उचलून रुमालात घातला आणि जाळं तसंच टाकून गावात आला.

हे बेट म्हणजे जुनी कवठाळी. धरण झालं तेव्हा गाव उठवून माळावर आणलं. तेव्हा उत्तरेश्वर आणि अमरसिंह सातवी-आठवीत होते. लोकांनी घरांची लाकडं, दारं, पत्रे काढून नेले, भिंती तशाच राहिल्या. खालचा गाव पाण्यात गेला. वरची आळी तेवढी उंचावर होती म्हणून कोरडी राहिली, आणि चहूबाजूंनी पाणी आल्यावर तिचं बेट झालं. आता तिथं वेड्या बाभळीचं रान आहे, साप आहेत, बगळे आहेत. माणूस कुणी जात नाही. जायला चाँदपाशाची होडी सोडली तर साधनही नाही.

पोलीस आले. कुत्रं आणलं होतं, पण ते होडीत बसायला तयार होईना. काठावरच मांडी घातल्यासारखं बसून राहिलं. साहेबांनी बेटावर एक फेरी मारली, काट्यानं पँट फाडून घेतली आणि सांगितलं की चोर इथं थांबून माल पुढं घेऊन गेले असणार. गावाला ते पटलं नाही. चोरांना उजाडायच्या आत पळायचं होतं, माल इथंच पुरला असणार, रान शांत झालं की नेतील, असं गावाचं गणित. मग गाव सुटलं खणायला. टिकाव, पहारी, फावडी घेऊन माणसं खेपांनी बेटावर गेली. चोर कुठं लपवेल? खड्ड्यात, आडात, उकिरड्यात, चुलीच्या जागी, मोरीच्या फरशीखाली. तिथं तिथं खणलं. सापडलं काय, तर एक फुटका हंडा, कुणाच्या तरी आजोबांची पानाची पितळी डबी, आणि भांडण. डबी आपल्या आजोबांची आहे असं दोन घरांनी सांगितलं आणि दोन दिवस खणणं बंद पडलं.

गुढीपाडवा होऊन गेला तशी माणसं गळायला लागली. कुणाची गव्हाची मळणी, कुणाचा ऊस. शेवटी बेटावर जाणारे दोघंच उरले. एक उत्तरेश्वर, कारण त्याचं लग्न अडलं होतं, आणि दुसरा अमरसिंह, कारण तो उत्तरेश्वरचा दोस्त होता. मोटारींची कामं टाकून तो रोज यायचा. उत्तरेश्वर दमून बसला की तो उठायचा, टिकाव घ्यायचा आणि म्हणायचा, "आता ह्या कोपऱ्यात बगू." हाताला फोड आले होते. उत्तरेश्वरला त्याच्याकडं बघून भरून यायचं. सख्खा भाऊ असता तर त्यानंही एवढं केलं नसतं, असं तो सोनालीला फोनवर म्हणाला.

"सापडलं का?" एवढंच ती रोज विचारायची.

"न्हाय."

"मग जेवा तरी वेळेवर," ती म्हणायची आणि फोन ठेवायची नाही. मग दोघंही काही न बोलता तसेच राहायचे.

यात्रा आठवड्यावर आली तेव्हाची गोष्ट. सकाळी चाँदपाशानं दोघांना बेटावर सोडलं आणि तो जाळ्यांकडं गेला. अमरसिंह म्हणाला, खालच्या अंगाला पाणी ओसरलंय, तिथला आड मोकळा झालाय, तिथं बघू. खणून खणून ऊन डोक्यावर आलं. आडात गाळ होता, आणखी गाळ होता, आणि गाळाखाली गाळ होता. अमरसिंह पाण्याची कळशी भरून आणतो म्हणून काठाकडं गेला, आणि उत्तरेश्वर भाकरीचं फडकं घेऊन सावली शोधत वर चढला. एका पडक्या भिंतीच्या आडोशाला बसला. भाकरी सोडली, पण खावीशी वाटेना. आपलं लग्न गेलं, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि त्याला रडू आलं. बघायला कुणी नव्हतं म्हणून तो थोडा रडलाही.

डोळे पुसून खाली बघितलं तर पायापाशी मुंग्यांची रांग. आपल्याच भाकरीला लागल्या म्हणून त्यानं फडकं उचललं. पण त्या भाकरीकडं जात नव्हत्या. त्या भिंतीकडून येत होत्या, आणि प्रत्येकीच्या तोंडात ज्वारीचा दाणा होता. पांढराशुभ्र, टपोरा, या वर्षीच्या सुगीचा.

उत्तरेश्वर शेतकरी माणूस. बेटावर वीस वर्षांत कुणी तिफण घातलेली नव्हती. पाखरानं चोचीतून एखादा दाणा आणला तर एक वेळ समजू. ही तर पोत्याला लागल्यासारखी रांग होती. तो उठला आणि मुंग्यांच्या उलट दिशेनं निघाला. रांग भिंतीवर चढली, वर देवळीपाशी गेली. देवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा, देव ठेवायचा. तो दगडांनी बुजवलेला होता आणि वरून मातीनं लिंपलेला होता. भिंतीची माती जुनी, उन्हानं भाजून पांढरी पडलेली. ही माती काळी होती. मुंग्या तिच्या फटीतून येत होत्या.

त्यानं पहिला दगड काढला, दुसरा काढला, आणि हात आत घातला. हाताला आधी ज्वारी लागली, मग कापड, मग थंडगार चांदी.

हिरव्या खणात गुंडाळलेली जोगेश्वरी होती. खाली ज्वारीची बैठक, तोंड पूर्वेला. उत्तरेश्वरनं तिथंच मटकन बसून हात जोडले. त्याला सोनाली दिसली, मांडव दिसला, आईचं तोंड दिसलं. तो मोठ्यानं अमरसिंहाला हाक मारणार होता, पण पुन्हा देवळीत बघितलं आणि थांबला.

देवीच्या शेजारी भैरोबा नव्हता.

चोरानं दोन्ही मुखवटे एका पोत्यात कोंबले असते आणि एका खड्ड्यात टाकले असते. पण देवळात हे दोघे वर्षभर वेगवेगळ्या पेट्यांत असतात. लग्नाआधी नवरा-नवरीनं एकमेकांचं तोंड बघायचं नाही. अंतरपाट पडला की मगच. आणि मुखवटा कधी उघड्या दगडामातीवर ठेवत नाहीत, खाली धान्य लागतं. हे कवठाळीचं शेंबडं पोरही जाणतं. बाहेरच्या चोराला हे कोण सांगायला आलं होतं?

तो उठून भिंतीच्या पलीकडच्या खोलीत गेला. तिथल्या देवळीलाही काळी माती. आत लाल कापडात भैरोबा, ज्वारीवर बसवलेला, पूर्वेकडं तोंड करून. मागं छत्री मिटून ठेवलेली. गावानं महिनाभर चोराची अक्कल लढवून खड्डे खणले होते, आणि देव इथं देवासारखे, माणसाच्या उंचीवर, सोवळ्यात बसले होते.

मग त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि घर कुणाचं ते त्याला कळलं. या देवळीपुढं अमरसिंहाची आई दिवा लावायची. शाळेतून येताना दोघं इथंच दप्तरं टाकायचे.

दाराच्या जागी अमरसिंह कळशी घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. उघडी देवळी त्यानं बघितली, कळशी खाली ठेवली, आणि पळाला मात्र नाही.

"इकले का न्हाईस?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"देव हाय त्यो. इकतात व्हय?"

"मग न्येला कशाला?"

बाभळीत होले घुमत होते. अमरसिंह खाली बघून बोलायला लागला.

"तुझ्या साखरपुड्याला लई नाचलो म्या. खरंच खुशीत व्हतो. घरी आलो, फेटा सोडला, आन् मग कळलं, आता पारावर म्या एकटाच. आजवर लोक दोघांना इचारायचे, 'तुमचं कवा', तवा हसू यायचं. एकट्याला इचारलं तर काय करू? यात्रा झाली की आणून ठिवणार व्हतो."

"यात्रा झाली की? आन् माझं लगीन?"

"त्ये मोडलं असतं."

"आन् मग?"

"मग आपण दोघं," अमरसिंह म्हणाला.

उत्तरेश्वरनं त्याच्या कानाखाली वाजवली. दुसरीही वाजवली. तिसऱ्यांदा हात उचलला, पण समोरचा माणूस तोंड चुकवत नव्हता, आणि तोंड न चुकवणाऱ्याला मारणं त्याला जमेना. महिनाभर हा माणूस आपल्याबरोबर भाकरी खात होता, खोटं खणत होता, आपले डोळे पुसत होता. त्याला भयंकर राग आला होता. आणि त्या रागाच्या खाली, त्याला अजिबात नको असताना, कणव येत होती. कारण तो कट्टा त्यालाही माहीत होता. सोनालीनं नकार दिला असता आणि अमरसिंहाला होकार आला असता, तर आपण काय केलं असतं? देव चोरले नसते, एवढं नक्की. पण त्या दिवशी नाचलो असतो का, हे त्याला सांगता येईना.

"गावाला सांग," अमरसिंह म्हणाला. "पोलिसाला सांग. म्या न्हाय म्हणणार न्हाय."

सांगितलं तर काय होईल ते दोघांनाही दिसत होतं. गाव त्याला वाळीत टाकेल, पोलीस नेतील, आणि त्याच्या आईला उरलेलं आयुष्य खाली मान घालून काढावं लागेल. उत्तरेश्वर देवळीकडं वळला, छत्री काखेत मारली, भैरोबाला छातीशी धरलं आणि म्हणाला, "तिला उचल."

"म्या? माझ्या हातानं नगं."

"आणताना चाललं का? एका माणसानं दोघांला उचलू नये, ठावं न्हाय व्हय?"

"ठावं हाय की," अमरसिंह म्हणाला. "ट्यूबवरनं पवत आलो, दोन खेपा केल्या व्हत्या."

उत्तरेश्वरला हसू आलं. असल्या वेळी हसू येतंय याचाही त्याला राग आला.

चाँदपाशा होडी घेऊन आला, तेव्हा दोघं काठावर एकमेकांपासून लांब, एकेक मुखवटा छातीशी धरून उभे होते. म्हाताऱ्यानं आधी डोक्यावरची टोपी नीट केली आणि हात जोडले. मग त्यानं बघितलं. लाल कापड, हिरवा खण, खणाच्या घडीत अडकलेले ज्वारीचे दाणे, अमरसिंहाच्या गालावर उमटलेली बोटं. उत्तरेश्वर होडीच्या एका टोकाला बसला, अमरसिंह दुसऱ्या टोकाला.

"चोर मोठा सोवळ्याचा दिसतोय," चाँदपाशा म्हणाला.

त्यानं वल्हं मारायला सुरुवात केली. काठ जवळ आल्यावर तो पाण्याकडं बघत म्हणाला, "बेटा, म्या पालखीपुढं मशाल धरतो. माझं काम उजेड करायचं. कुणाच्या तोंडावर करायचा, ते तुमी बघा."

गावात काय झालं ते सांगायला नको. फटाके फुटले, गुलाल उधळला, गुरवाला रडू आवरेना. कुठं सापडले, असं शंभर जणांनी विचारलं. उत्तरेश्वरनं सांगितलं, एका पडक्या भिंतीत. कुणाच्या, तर भिंती सगळ्या सारख्याच. लोकांनी दोघांनाही खांद्यावर घेतलं. अमरसिंह खांद्यावर बसून ओक्साबोक्शी रडत होता, आणि बायका म्हणत होत्या, बघा, किती भक्ती पोराची! उत्तरेश्वरनं त्याच्याकडं बघितलं नाही. पुढचे दिवस तो पाराकडं फिरकलाही नाही.

यात्रा भरली. कृष्णराजराव तेरहून बायको-पोरीला, भावकीला घेऊन आले. ज्या गावचा देव गेला होता त्या गावचा देव जावयानं शोधून आणला, हे त्यांनी वाटेत एसटीतल्या माणसांनाही सांगितलं असावं, कारण उतरताना अनोळखी माणसं उत्तरेश्वरला हात जोडून गेली. सोनाली हिरव्या साडीत बायकांमध्ये उभी होती. देवांना हळद लागली, अंतरपाट धरला, चाँदपाशाची मशाल फुरफुरली, अक्षता पडल्या. गुरव हळदीची वाटी भरायला आत गेला. एवढी वाटी आली आणि गालाला लागली की झालं.

तेवढ्यात कृष्णराजरावांनी उत्तरेश्वरला बाजूला, लिंबाखाली नेलं.

"पावणं, एक इचारायचं व्हतं. तुमच्या संगं देव आणला त्यो अमरसिंग. आमच्या धाकट्या भावाची पोरगी हाय, निकिता. नर्सिंग झालंय तिचं. पोरगा नजरंत भरलाय आमच्या. तुमी लहानपणापासनं वळखता. पोरगा कसा हाय? तुमचा एक शब्द आमाला बास."

"चांगला हाय" एवढे दोन शब्द म्हटले की सगळं जमत होतं. आपलं लग्न, त्याचं लग्न, एका मांडवातसुद्धा. आणि ते खोटंही नव्हतं. अमरसिंह पीत नव्हता, खोडसाळ नव्हता, हाताला कष्ट होते. पण ज्या पोरीला उत्तरेश्वरनं कधी बघितलं नव्हतं ती पोरगी या दोन शब्दांवर आयुष्यभरासाठी कवठाळीत येणार होती. खरं सांगावं तर अमरसिंह संपला, आणि आठवडाभर सासऱ्यापासून लपवणारा जावईही संपला. बायकांच्या घोळक्यातून सोनाली इकडंच बघत होती. तिला वाटत होतं लग्नाचंच काही ठरतंय.

"मामा," तो म्हणाला, "त्याची एक गोष्ट हाय. ती म्या सांगायची न्हाय, त्यानं सोताच सांगायची. तुमी त्याला जाऊन म्हणा, उत्तरेश्वरनं इचारायला सांगितलंय, देव कसे गेले. खरं बोलला तर पुढचं बघा. बोलला न्हाय तर तिथंच सोडून द्या. आन् ऐकल्यावर माझं बी काय करायचं ते करा."

कृष्णराजरावांनी त्याच्याकडं निरखून बघितलं आणि ते निघाले. अमरसिंह देवळामागं, दगडावर बसला होता. उत्तरेश्वरला ऐकू काही येत नव्हतं, दिसत होतं तेवढंच. मामांनी विचारलं. अमरसिंहानं मान वर केली आणि गर्दीतून नेमकं उत्तरेश्वरकडं बघितलं. मग तो उठून उभा राहिला आणि बोलायला लागला. बोलत राहिला. मामा आधी कमरेवर हात ठेवून उभे होते, मग ते त्या दगडावर बसले.

"काय चाललंय रं तिकडं?" कस्तुराबाईनं येऊन विचारलं.

"चौकशी," उत्तरेश्वर म्हणाला.

मामा परत आले तेव्हा त्यांचं तोंड लाल झालं होतं. "तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"देव घावले त्या दिशीपासनं."

"आन् आज माझ्यापाशी कशाला उघडं केलं? चांगला हाय म्हणला असता, कोण इचारणार व्हतं तुमाला?"

"पोरीचा सवाल हाय, मामा."

गुरव वाटी घेऊन आला आणि दोघांच्या तोंडाकडं बघून तसाच घोटाळत उभा राहिला. कस्तुराबाईला काही कळत नव्हतं, पण तिनं पदर तोंडाशी धरला होता. उत्तरेश्वरनं मान खाली घातली. आता हे सोनालीला हाक मारतील आणि गाडी धरतील, असंच त्याला वाटलं.

मामांनी गुरवाच्या हातातली वाटी घेतली, बोटं बुडवली आणि उत्तरेश्वरच्या दोन्ही गालांना हळद फासली. माया करावी तशी नव्हे, कान उपटावा तशी.

"आमच्या पोरीचा शब्द आमी द्यायला आलो, त्यो द्यून चाललो," ते म्हणाले. "निकिताचं निकिता ठरवंल. पर त्यानं आता मला सांगितलं तसं तिला सांगायचं, सगळं, तिच्या तोंडावर. आमी मधी एक शब्द बोलणार न्हाय. ऐतवारी या म्हणावं तेरला."

आणि ते हळदीचा हात धोतराला न पुसता बायकोकडं निघून गेले.

उत्तरेश्वर देवळामागं गेला. अमरसिंह पुन्हा दगडावर बसला होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. किती तरी दिवसांनी दोघं जवळ आले होते. उत्तरेश्वर त्याच्या शेजारी टेकला आणि मामांचा निरोप त्यानं जसाच्या तसा सांगितला.

अमरसिंहानं विचारलं, "न्हाय म्हणली तर?"

"तर न्हाय म्हणली. आपल्याला काय सवय न्हाय व्हय?" उत्तरेश्वर म्हणाला. "पर दाढी करून ये."